लक्षाची राखण

प्रस्तावना

"लक्षच लागत नाही" ही तक्रार आज घरोघरी ऐकू येते. दहावीतली मुलगी ती करते आणि तिला ओरडणारे तिचे वडीलही करतात. बँकेच्या काउंटरवरचा कारकून, रात्रपाळीची परिचारिका, प्रबंध अर्धवट राहिलेली प्राध्यापिका, निवृत्तीनंतर निवांत वाचू म्हणून पुस्तके जमवून ठेवलेले आजोबा, सगळ्यांच्या तोंडी हेच असते. पाठोपाठ बहुतेक जण आणखी एक वाक्य जोडतात: "माझाच मनावर ताबा राहिलेला नाही." मला अस्वस्थ करते ते हे दुसरे वाक्य. पहिल्यात एक अडचण सांगितलेली असते. दुसऱ्यात माणूस स्वतःला दोषी ठरवून मोकळा होतो आणि त्या अडचणीचा शोध तिथेच संपतो. मग पाडव्याला संकल्प सोडायचा, आठवड्याभरात तो मोडायचा आणि पुन्हा स्वतःलाच बोल लावायचा, असे वर्षानुवर्षे चालू राहते.

हे पुस्तक त्या दुसऱ्या वाक्याविरुद्ध लिहिले आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: लक्ष टिकणे हे माणसाच्या निग्रहापेक्षा त्याच्या भोवतीच्या व्यवस्थेवर जास्त अवलंबून असते, आणि ती व्यवस्था एकट्याला उभी करता येत नाही. ज्या पेशांत क्षणभराच्या बेसावधपणाने माणसांचे जीव जातात, त्यांनी हे फार पूर्वी ओळखले आणि त्याप्रमाणे नियम केले. घरात, शाळेत, कचेरीत मात्र आपण अजून एकमेकांना मन घट्ट करण्याचा उपदेश करत बसलो आहोत.

मन चंचल असते हा काही आजचा शोध नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन श्रीकृष्णाकडे हीच तक्रार करतो आणि त्याला अभ्यास व वैराग्य असे उत्तर मिळते. समर्थ रामदासांनी थेट मनालाच उद्देशून श्लोक रचले. ज्ञानेश्वर नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांपुढे एकच मागणे ठेवतात, ते अवधानाचे. सातशे वर्षांपूर्वी, समोर येऊन बसलेल्या श्रद्धावान श्रोत्यांकडेही अवधान मागून घ्यावे लागत होते, हे लक्षात ठेवायला हवे. पूर्वीची माणसे जात्याच एकाग्र होती आणि आताची पिढी तेवढी बिघडली, या समजुतीला त्यात काहीच आधार सापडत नाही.

तरीही आपल्या काळात दोन गोष्टी नव्या आहेत. पहिली म्हणजे माणसाचे लक्ष वेधून धरणे हा आता एक प्रचंड उद्योग झाला आहे. पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले हर्बर्ट सायमन यांनी १९७१ सालीच दाखवून दिले होते की माहितीची रेलचेल झाली की ती माहिती जे खाते त्याची टंचाई होते, आणि माहिती खाते ते माणसाचे लक्ष. जे दुर्मीळ होते त्याला किंमत येते आणि किंमत आली की व्यापार उभा राहतो. २००६ साली एझा रास्किन या तंत्रज्ञाने पडद्यावरचे पान कधी संपूच नये अशी रचना केली. बोट वर सरकवत राहावे आणि खालून नवे येत राहावे. पान संपले की माणूस क्षणभर थांबतो, मान वर करतो, पुढे काय करायचे ते ठरवतो. ती थांबण्याची जागाच या रचनेने काढून टाकली. पुढे रास्किन यांनी त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरच्या प्रयोगांत फार आधी पाहिले होते की दाणा दर वेळी ठरलेल्या टोचीला मिळाला तर पक्षी मध्ये विसावतो, पण तो कधी मिळेल याचा नेम नसेल तर टोचत राहतो. फोन उघडल्यावर कधी काहीच नसते, कधी कंटाळवाणे काही असते आणि एखाद्या वेळी अगदी हवी असलेली खबर असते. हात पुन्हा पुन्हा फोनकडे जातो तो या अनिश्चिततेमुळे. समोर पगारी इंजिनिअरांची फौज आणि इकडे दिवसभर राबून दमलेला एकटा माणूस, अशी ही झुंज आहे. तीत हरणाऱ्याला दुबळा म्हणणे अन्यायाचे आहे.

दुसरी नवी गोष्ट अधिक बिकट आहे. काम आणि कामातून उठवणारी वस्तू, दोन्ही आता एकाच यंत्रात राहतात. पुण्यात सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ या भागांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या अभ्यासिका आहेत. दोन्ही बाजूंना आडोसा घातलेले चिंचोळे टेबल, पाण्याची बाटली, चार्जिंगचा पॉइंट आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत समोर उघडी पडलेली पुस्तके. इथे कुणी बोलत नाही, पंख्याचा आवाज तेवढा असतो. पण चालू घडामोडींच्या पीडीएफ फोनमध्ये, टेलिग्रामवरचा ग्रुप फोनमध्ये, यूट्यूबवरचे लेक्चर फोनमध्ये, आयोगाची जाहिरात आधी कळते ती फोनवर आणि गावाहून आईचा फोनही त्यावरच येतो. या मुलांना फोन बंद ठेवायला सांगायचे तर निम्मा अभ्यास बंद करायला सांगावा लागतो. पूर्वी अभ्यासातून उठवणाऱ्या गोष्टी निराळ्या जागी असत: कट्टा नाक्यावर, रेडिओ माजघरात, सिनेमा टॉकीजमध्ये. तिथवर जायला उठावे लागे आणि उठताना आपण उठतो आहोत हे कळत असे. आता उठावेच लागत नाही, म्हणून कळतही नाही.

याचा परिणाम मोजलाही गेला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या शाखेतल्या संशोधिका ग्लोरिया मार्क गेली वीस वर्षे कचेऱ्यांत काम करणारी माणसे पडद्यावरच्या एका गोष्टीवर किती वेळ टिकतात, याच्या नोंदी करत आहेत. २००४ च्या सुमारास हा वेळ सरासरी अडीच मिनिटांचा होता. अलीकडच्या वर्षांत तो ४७ सेकंदांच्या आसपास आला आहे. त्यांच्या अभ्यासातली मला अधिक महत्त्वाची वाटणारी बाब पुढची आहे. दुसऱ्या कुणी आणलेले व्यत्यय जितके, जवळजवळ तितकेच व्यत्यय माणूस स्वतःच आणतो. कुणी हाक मारलेली नसते, कसली घंटा वाजलेली नसते, तरी हात आपोआप फोनकडे जातो. बाहेरून सतत मोडले जाण्याची सवय एकदा अंगवळणी पडली की बाहेरचा गलबला थांबल्यावर आतून सुरू होतो. म्हणूनच केवळ आवाज बंद केल्याने काम भागत नाही.

मनाच्या क्षमतेबद्दल तीन गोष्टी इथेच सांगून ठेवतो. त्यांचा विस्तार पहिल्या भागात आहे. एक, मनाच्या ओंजळीत एका वेळी फार मावत नाही. नेल्सन कोवान या मानसशास्त्रज्ञाने २००१ मध्ये साऱ्या पुराव्यांचा आढावा घेऊन हा आकडा साधारण चार गोष्टींचा असल्याचे मांडले. दोन, एका कामावरून दुसऱ्याकडे वळले तरी मनाचा एक भाग मागेच रेंगाळतो. संशोधिका सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये हे प्रयोगांनी दाखवले. आधीचे काम अपुरे सुटले असेल तर हे रेंगाळणे अधिक असते. म्हणजे मेसेज वाचायला दहा सेकंद लागले तरी नुकसान दहा सेकंदांचे नसते. तीन, नुसते पाहत राहण्यालाही मुदत असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानांत रडारच्या पडद्यावर पाणबुड्यांची खूण शोधत तासन् तास बसलेल्या सैनिकांच्या नजरेतून खुणा निसटू लागल्या, तेव्हा नॉर्मन मॅकवर्थ यांना या प्रश्नाचा अभ्यास करायला सांगितले गेले. त्यांनी एक साधे घड्याळ बनवले: काटा टप्प्याटप्प्याने पुढे जाई आणि क्वचित एकदम दोन टप्पे उडी मारी. ती उडी दिसली की बटण दाबायचे. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की पहिल्या अर्ध्या तासानंतरच चुका लक्षणीय वाढतात. ही माणसे आळशी नव्हती, देशासाठी लढत होती. मर्यादा शरीराची होती.

आता ज्या पेशांचा मी वर उल्लेख केला त्यांच्याकडे वळतो, कारण या पुस्तकाचा गाभा तिथे आहे.

२९ डिसेंबर १९७२ च्या रात्री ईस्टर्न एअर लाइन्सचे ४०१ क्रमांकाचे विमान न्यूयॉर्कहून मायामीला उतरत होते. पुढचे चाक खाली येऊन बसले की कॉकपिटमध्ये एक हिरवा दिवा लागतो, तो लागला नाही. वैमानिकांनी विमान पुन्हा वर घेतले, २,००० फुटांवर स्वयंचलित यंत्रणेच्या हवाली केले आणि दिव्याच्या मागे लागले. दिवा काढून पाहिला, तो परत बसेना. चाक खरोखर खाली आले आहे का ते पाहायला एक जण खाली उतरला. या गडबडीत उंची राखणारी यंत्रणा सुटली आणि विमान अगदी सावकाश खाली येऊ लागले. उंची कमी झाल्याची इशाऱ्याची घंटीही वाजली. ती कुणाच्या कानावर आली नाही. विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळले. १७६ पैकी १०१ माणसे गेली. चौकशीत आढळले की चाक व्यवस्थित खाली आले होते. फक्त दिवा जळला होता.

या अपघाताकडे पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटते ते एका कारणासाठी. त्या कॉकपिटमध्ये एकाग्रतेची कमतरता नव्हती. अनुभवी माणसे एका गोष्टीत पूर्ण बुडालेली होती, पण ती गोष्ट दिव्याची होती आणि विमान कोण चालवतो आहे याकडे पाहायला कुणालाच नेमलेले नव्हते. एकाग्रतेचे गुणगान करणारी पुस्तके बहुधा इथपर्यंत येत नाहीत. कशात बुडायचे, किती वेळ बुडायचे आणि आपण बुडालेले असताना बाकीचे कोण सांभाळणार, हे आधी ठरलेले नसेल तर एकाग्रताही घात करते. आज कॉकपिटमध्ये अडचण आली की एक जण विमान चालवतो आणि दुसरा अडचण पाहतो, ही वाटणी बोलून केली जाते.

त्यानंतर दोन वर्षांच्या आतच, ११ सप्टेंबर १९७४ रोजी, त्याच कंपनीचे २१२ क्रमांकाचे विमान शार्लट इथे धुक्यात धावपट्टीच्या अलीकडेच आदळले. ८२ पैकी ७२ जण दगावले. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात उतरण्याच्या काही मिनिटे आधीपर्यंत राजकारणापासून जुन्या गाड्यांपर्यंतच्या गप्पा होत्या. अशा अपघातांमधून १९८१ साली अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने एक नियम केला: उड्डाण करताना, उतरताना आणि १०,००० फुटांच्या खाली असताना कॉकपिटमध्ये विमान चालवण्याला आवश्यक तेवढेच बोलायचे, तेवढेच करायचे. या वेळात हवाई सुंदरीनेही विनाकारण आत विचारपूस करायची नाही. हा नियम 'स्टराइल कॉकपिट' या नावाने ओळखला जातो.

या नियमाची रचना पाहण्यासारखी आहे. तो वैमानिकांना गप्प राहण्याचा गुण अंगी बाणवायला सांगत नाही, सबंध प्रवासभर मौनही मागत नाही. प्रवासातला धोक्याचा तुकडा ओळखतो, त्याला सुरुवात आणि शेवट देतो आणि त्या तुकड्यापुरता सगळ्यांना बांधतो. बाहेरचा माणूसही त्यात बांधला जातो, हे सर्वांत मोलाचे. म्हणून 'आता बोलू नका' असे कुणाला कुणाला सांगावे लागत नाही, आणि कुणाला ते ऐकून वाईटही वाटत नाही.

रेल्वेकडेही हीच समज आहे. मुंबईच्या लोकलमध्ये पुढच्या केबिनमध्ये मोटरमन एकटा असतो. त्याचा हात हँडलवर असावा लागतो. तो सुटला तर गाडी आपोआप ब्रेक घेते. सिग्नल सावध राहायला सांगत असेल तर केबिनमध्ये इशारा वाजतो आणि मोटरमनने ठरलेल्या काही सेकंदांत बटण दाबून दाद दिली नाही तरीही ब्रेक लागतात. लांब पल्ल्याच्या गाडीत लोको पायलट आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नलचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात. जपानी रेल्वेत याहीपुढे जाऊन सिग्नलकडे बोट दाखवून तो उच्चारायची पद्धत आहे. तिथल्या रेल्वे तंत्रज्ञान संशोधन संस्थेने १९९४ मध्ये केलेल्या चाचणीत बोट दाखवून उच्चारल्यावर चुकांचे प्रमाण शंभर कृतींमागे २.३८ वरून ०.३८ वर आले. डोळा, हात, तोंड आणि कान हे चारही एकाच गोष्टीला जुंपले की मनाला भटकायला वाव राहत नाही. रोज लाखो माणसांचा जीव वाहणारी रेल्वे मोटरमनवर विश्वास ठेवते, पण त्याच्या मनोबलावर सगळा भार टाकत नाही. आपण मात्र चौदा वर्षांच्या मुलावर तो टाकतो.

अशी व्यवस्था कोट्यवधींच्या यंत्रांखेरीज, साध्या माणसांना उभी करता येते का? येते, आणि महाराष्ट्रात ती झाली आहे. वरळीच्या बीडीडी चाळींमधली खोली १६० चौरस फुटांची. तीत सहा-सात माणसे, स्वयंपाक, टीव्ही, आजारी आजी, पाहुणे. तिथली मुले पिढ्यान् पिढ्या जवळच्या एका शांत रस्त्यावर, दिव्यांच्या उजेडात अभ्यासाला येऊन बसू लागली. त्या रस्त्याला लोक अभ्यास गल्ली म्हणू लागले. पुढे बाक आले, दिवे सुधारले, पण गल्ली अभ्यासाची झाली ती त्याआधीच. शेजारी दुसरा कुणीतरी वही उघडून बसलेला आहे, इथे मोठ्याने बोलायचे नसते, ही सामायिक समजूत हेच तिथले खरे छत. ज्या मुलाचे घरात पाच मिनिटे लक्ष लागत नव्हते तेच तिथे दोन तास बसते. मूल तेच असते; भोवतालची माणसे काय करत आहेत ते बदललेले असते.

दुसरे उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाचे. सुमारे तीन हजार वस्तीच्या या गावात २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद होतात. साडेआठला पुन्हा भोंगा वाजतो आणि ते सुरू होतात. करोनाच्या काळात शाळा फोनवर गेली, फोन मुलांच्या हाती गेला, आणि शाळा पुन्हा भरल्यावरही तो हातातून सुटेना, हे त्यामागचे कारण. ग्रामसभेने ठरवले. सुरुवातीला अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, निवृत्त शिक्षक यांनी घरोघर फिरून आठवण करून दिली. या उपक्रमातली शहाणपणाची गोष्ट अशी की तो मुलांपुरता ठेवला नाही. मुलाला पुस्तक घेऊन बसवायचे आणि आपण मालिका लावायची, हे तिथे चालत नाही. आई, वडील, आजोबा सगळेच त्या दीड तासात बांधलेले असतात. उरलेले साडेबावीस तास ज्याचे त्याला मोकळे.

शेतकऱ्याला हे नवे वाटणार नाही. ज्वारी वर्षभर कुणी राखत नाही. कणसात दाणा भरू लागला की मगच माळ्यावर गोफण घेऊन माणूस उभा राहतो, आणि शेजारच्या शिवारातही त्याच दिवसांत राखण असते. एकट्याने राखले तर सगळे थवे त्याच्याच शेतावर उतरतील. पाखरांवर रागावून उपयोग नसतो, दाणा भरायचे दिवस तेवढे ओळखावे लागतात. आपल्या दिवसातही दाणा भरायचे काही तास असतात. ते कोणते, हे प्रत्येकाने शोधायचे आहे. राखण मात्र सर्वांनी मिळून करायची आहे.

आपल्या परंपरेत या विचाराचा सर्वांत नेमका आधार मला विनोबांकडे मिळाला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात ते दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते टिपून घेत. तीच पुढे 'गीता प्रवचने' या नावाने घराघरांत गेली. सहाव्या अध्यायावर बोलताना विनोबा ध्यानाला लागणाऱ्या तीन गोष्टी सांगतात: चित्ताची एकाग्रता, तिला साह्य करणारी जीवनाची परिमितता आणि समदृष्टी. मधली गोष्ट आपण फारशी मनावर घेतलेली नाही. एकाग्रता हवी असेल तर खाणे, झोपणे, बोलणे, पाहणे या सगळ्यांना माप हवे, असा तिचा आशय. चित्ताला थेट दटावून ते स्थिर होत नाही. दिवसाला माप घातले की ते स्थिरावते. आजच्या प्रयोगशाळा वेगळ्या वाटेने त्याच जागी येऊन पोहोचल्या आहेत, असे मला वाटते.

इथे एका आक्षेपाला उत्तर देणे भाग आहे. दीड तास फोन बंद ठेवण्याची चैन ज्यांना परवडत नाही त्यांचे काय? घरपोच जेवण पोचवणाऱ्या मुलाची भाकरी त्या फोनवरच येते आणि भर रहदारीत दुचाकीवर असतानाच पुढच्या ऑर्डरची घंटी वाजते. आशाताईंना नोंदी ॲपमध्ये भरायच्या असतात. आयटी कंपनीतल्या मुलीला परदेशातल्या ग्राहकाच्या वेळेनुसार रात्री अकराला उत्तर द्यावे लागते. घरून काम करणाऱ्या आईला तर कुणीही, केव्हाही हाक मारू शकते, कारण ती घरीच असते. लक्ष राखण्याचा अधिकार सर्वांकडे सारखा नाही, आणि हे मान्य न करता दिलेला सल्ला त्यांच्या जखमेवर मीठ चोळतो. म्हणूनच हा प्रश्न शेवटी कायद्याचा आणि कामाच्या अटींचाही आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कातून मोकळे राहण्याच्या हक्काचा कायदा लागू झाला. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये असा हक्क दिला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये याच विषयावर लोकसभेत खासगी विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही, पण मागणी योग्य होती आणि ती पुन्हा पुन्हा मांडली गेली पाहिजे. कारखान्यात आठ तासांची पाळी मिळवायला कामगारांना लढावे लागले. मनाच्या विश्रांतीसाठीही तसेच मागावे लागेल.

पुस्तकाची मांडणी तीन भागांत आहे. पहिल्या भागात मन लक्ष कसे देते आणि कुठे थकते याचे विवेचन आहे. दुसऱ्यात वैमानिक, मोटरमन, शस्त्रक्रियागृहातल्या परिचारिका अशा पेशांमधल्या पद्धती तपशिलाने दिल्या आहेत. तिसरा भाग घर, शाळा आणि कचेरी यांच्यासाठी आहे. त्यात सांगितलेले उपाय अगदी साधे आहेत. दिवसातला एक तास ठरवावा आणि घरातल्या सर्वांना तो माहीत असावा. त्या तासात फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा; पालथा घालून जवळ ठेवलेला फोन जवळच असतो. ज्या कामाला फोन लागतोच, त्याच्या पीडीएफ आदल्या दिवशी छापून किंवा उतरवून घ्याव्यात. अर्ध्या तासाने डोळे मिटून किंवा चार पावले चालून थांबावे. मध्येच उठावे लागले तर उठण्याआधी 'कुठवर आलो आणि परत आल्यावर आधी काय करायचे' हे एका ओळीत लिहावे. लेरॉय यांच्या पुढच्या प्रयोगांत एवढ्यानेही मागे रेंगाळणारे मन मोकळे होते असे दिसले. हाती घेतलेल्या कामाचे नाव मोठ्याने उच्चारावे. कचेरीत तातडीचे काय आणि नंतर चालेल असे काय, याची व्याख्या सगळ्यांनी बसून एकदा करावी, म्हणजे प्रत्येक मेसेज तातडीचा राहणार नाही. यातला कुठलाही उपाय धैर्याची परीक्षा घेत नाही. घेत असेल तर तो चुकीचा लावला आहे असे समजून बदलावा.

अभ्यासिकांमधल्या ज्या मुलामुलींनी अभ्यासातून वेळ काढून माझ्याशी मोकळेपणाने संवाद साधला, ज्या परिचारिकांनी आणि रेल्वेतल्या ज्या कर्मचाऱ्यांनी आपल्या कामाची रीत समजावून दिली, त्यांचा मी ऋणी आहे. त्यांच्याच बोलण्यातून मला कळले की लक्ष ही चिकाटीची बाब असण्याआधी एकमेकांवरच्या विश्वासाची बाब आहे. आपण खाली मान घालून काम करत असताना बाकीचे कुणीतरी पाहते आहे, हा भरवसा असल्याशिवाय कुणालाच मान खाली घालता येत नाही.

हे सगळे कशासाठी, असे कुणी विचारील. जास्त काम उरकावे एवढ्यासाठी हा खटाटोप असता तर मी हे पुस्तक लिहिले नसते. मूल शाळेतून येऊन काहीतरी सांगू पाहते तेव्हा त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेणे, आजारी माणसाच्या उशाशी नुसते बसून राहणे, सहाशे पानांची कादंबरी पुरी वाचणे, निवडणुकीच्या आधी एखाद्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू तपासून मत बनवणे, या गोष्टी घाईने आणि तुकड्यातुकड्यांनी होत नाहीत. त्या होईनाशा झाल्या की माणूस एकटा पडतो, आणि एकट्या पडलेल्या माणसांच्या समाजाला कुणीही हव्या त्या दिशेला वळवू शकते. लक्ष देणे हे प्रेमाचे आणि नागरिकत्वाचे पहिले काम आहे, म्हणून ते राखायचे.

वाचकाला शेवटी एकच विनंती आहे. हे पुस्तक एकट्याने वाचू नका. पहिल्या प्रकरणाला हात घालण्याआधी घरातल्या, वर्गातल्या किंवा कचेरीतल्या आणखी एका माणसाला सोबत घ्या आणि दोघांनी मिळून दिवसातला एक तास ठरवा. कोणता तास, ते तुमच्या कामावर आणि घरावर अवलंबून राहील. पण तो दोघांना माहीत असलेला, दोघांनी पाळायचा तास असू द्या. पुढच्या पानांत जे काही सांगितले आहे त्याची सुरुवात तिथूनच होते.